चक्रीवादळाला ‘सायक्लोन’ हे नाव देणारे हेन्री पिडिंग्टन कोण होते?

३ जून २०२०. ‘निसर्ग’ चक्रीवादळ अरबी समुद्रातून कोकण किनाऱ्याच्या दिशेने सरकत होतं. रत्नागिरीजवळच्या समुद्रात असलेलं ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज वाऱ्याच्या माऱ्यापुढे टिकलं नाही. भरकटत ते मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर येऊन आदळलं. त्यावरच्या खलाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आलं. जहाज मात्र पुढे वर्षानुवर्षं तिथेच रुतून राहिलं. त्याच दिवशी वादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात जमिनीवर आलं आणि त्याच्या तडाख्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

या वादळाची खबर काही दिवस आधीपासूनच सगळ्यांना होती. ते कुठे आहे, कुठे चाललं आहे, वाऱ्याचा वेग किती असेल, हे मोबाइलवर कळत होतं. बंदरात धोक्याचा बावटा लागला होता. मासेमारी होड्या परत बोलावल्या होत्या.

योगायोग असा की, याच तारखेला, बरोबर १८१ वर्षांपूर्वी, म्हणजे ३ जून १८३९ रोजी बंगालच्या उपसागरात एक वादळ घोंघावत होतं. त्याची खबर कोणालाही नव्हती. ते सरून गेल्यावर कोलकात्यातल्या एका माजी जहाज कप्तानाने त्यात सापडलेल्या जहाजांच्या नोंदी गोळा केल्या आणि वादळ नेमकं कसं फिरलं याचा नकाशा मांडायला घेतला. त्यांचं नाव हेन्री पिडिंग्टन. ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला दिला तो यांनीच.

समुद्रावरून कोलकात्यात

पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या अकफील्ड गावचा. तरुण वयातच ते व्यापारी जहाजांवर गेले आणि पुढे कप्तान झाले. भारत आणि चीनकडच्या व्यापारी मार्गांवर त्यांची जहाजं फिरली. तो शिडाच्या जहाजांचा काळ होता. वारा हेच इंजिन आणि वारा हाच शत्रू.

१८३० च्या सुमारास त्यांनी समुद्र सोडला आणि ते कोलकात्यात स्थायिक झाले. तिथे ते एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या कामात गुंतले, उपयुक्त खनिजांच्या संग्रहालयाचे व्यवस्थापक झाले. वनस्पतींचा त्यांना नाद होता. भारतातल्या वनस्पतींच्या नावांची एक सूचीही त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. माती, खनिजं, उल्का, जे समोर येईल ते तपासायचं, असा त्यांचा स्वभाव. जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या कोलकात्याच्या न्यायालयाचे ते पुढे अध्यक्षही झाले.

१८३८ मध्ये विल्यम रीड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याचं वादळांच्या नियमांविषयीचं पुस्तक प्रसिद्ध झालं. ते पिडिंग्टन यांच्या हाती पडलं आणि त्यांच्या आयुष्याची पुढची वीस वर्षं ठरून गेली.

वादळ सरळ वाहतं की गोल?

आज शाळकरी मुलालाही उपग्रहाच्या छायाचित्रात वादळाचं भोवरा-रूप दिसतं. त्या काळी ते कोणी पाहिलेलं नव्हतं. जहाजावरच्या माणसाला फक्त त्याच्यापुरता वारा कळायचा. पूर्वेकडून वादळी वारा आला, मग काही काळ सगळं शांत झालं आणि अचानक पश्चिमेकडून तसाच वारा सुटला, तर त्याला वाटायचं की एकापाठोपाठ दोन वादळं आली.

ही वादळं म्हणजे प्रचंड वावटळी असाव्यात, असा अंदाज ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेल्या जेम्स कॅपर यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वादळांवरून १८०१ मध्येच मांडला होता. पुढे अमेरिकेत विल्यम रेडफील्ड यांनी आणि नंतर रीड यांनी अटलांटिक महासागरातल्या वादळांवरून तेच दाखवलं. प्रश्न असा होता की, हा नियम भारताच्या समुद्रांनाही लागू होतो का?

पिडिंग्टन यांनी त्याचं उत्तर शोधायला घेतलं. त्यांच्याकडे कोणतीही वेधशाळा नव्हती. होती ती फक्त जहाजांची रोजनिशी. प्रत्येक जहाजावर दर काही तासांनी वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, बॅरोमीटरचा आकडा आणि जहाज कुठे आहे ते लिहिलं जायचं. वादळ झालं की पिडिंग्टन त्या भागातून आलेल्या कप्तानांना गाठत, पत्रं लिहीत, नोंदी मागवत. मग एकाच वेळी वेगवेगळ्या जहाजांवर वारा कुठून येत होता ते नकाशावर बाणांनी मांडत. एका जहाजाची नोंद म्हणजे नुसता एक बाण. पण पाच-दहा जहाजांचे बाण एकत्र आले की त्यांतून वर्तुळ उमटायचं.

जून १८३९ च्या वादळावर त्यांचा पहिला शोधनिबंध आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोदावरीच्या मुखाजवळच्या कोरिंगा बंदराला वादळाने आणि त्याबरोबर आलेल्या लाटेने धुऊन काढलं. पिडिंग्टन यांनी त्याचाही अभ्यास केला. असे वीसहून अधिक निबंध त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. बंगालचा उपसागर, अरबी समुद्र, चीनचा समुद्र, दक्षिण हिंदी महासागर इथली वादळं त्यांनी एकेक करून उलगडली.

पाच दिवस गोल फिरलेलं जहाज

या अभ्यासातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाचं आहे. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसहून निघालेलं हे जहाज वादळात सापडलं. वारा पाठीवर घेऊन पळत सुटायचं, म्हणजे आपण वादळाच्या बाहेर पडू, असा कप्तानाचा हिशोब होता. सरळ वाहणाऱ्या वाऱ्यात तो बरोबर ठरला असता.

जहाज पाच दिवस पळत राहिलं. वारा एकेक दिशा बदलत पूर्ण फेरी मारायचा आणि पुन्हा पहिल्या दिशेवर यायचा. पिडिंग्टन यांनी पुढे त्या जहाजाची रोजनिशी मिळवली आणि त्याचा मार्ग कागदावर काढला, तेव्हा स्प्रिंगसारखी वेटोळी उमटली. वादळाच्या केंद्राभोवती जहाजाने पाच फेऱ्या मारल्या होत्या. शेकडो मैल धावूनही ते निघाल्या ठिकाणापासून त्यामानाने थोडंच दूर गेलं होतं.

या एका नकाशाने दोन गोष्टी एकदम सिद्ध केल्या. वादळातला वारा केंद्राभोवती फिरतो आणि तो फिरत असताना अख्खं वादळही पुढे सरकतं. ते जहाज वाचलं, म्हणून ही नोंद हाती आली. वाऱ्यापुढे पळताना अशाच वेटोळ्यांत अडकून जी जहाजं बुडाली, त्यांच्या रोजनिशीही त्यांच्याबरोबरच गेल्या.

एका शब्दाची गरज

अडचण नावांचीही होती. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिश खलाशांनी उचललेला शब्द ‘हरिकेन’ झाला होता. चीनच्या समुद्रात ‘टायफून’ म्हणत. आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेलं ‘तुफान’ होतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा सरताना होणाऱ्या वादळांना पोर्तुगीज मंडळी ‘एलिफांता’ म्हणत. हे नाव हस्त नक्षत्राशी जोडलं जातं. हस्ताच्या पावसाला आपल्याकडेही ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतातच.

शिवाय इंग्रज खलाशी जोराच्या वाऱ्यासाठी जे शब्द वापरत, ते वारा किती जोरात आहे एवढंच सांगत. ब्रिटिश नौदलातले अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी वाऱ्याच्या जोराला शून्य ते बारा अशा पायऱ्या दिल्या होत्या आणि १८३८ पासून नौदलाच्या जहाजांवर ती मोजणी सुरू झाली होती. पण जोर कळला तरी तो वारा सरळ वाहणारा आहे की गोल फिरणारा, हे त्यातून कळत नव्हतं. कप्तानासाठी तर जीवन-मरणाचा प्रश्न नेमका तोच होता.

१८४८ मध्ये पिडिंग्टन यांचं खलाशांसाठीचं मोठं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी वर्तुळ या अर्थाच्या ग्रीक शब्दकुळातून ‘सायक्लोन’ हा शब्द तयार केला. सापाच्या वेटोळ्याची कल्पना त्यामागे होती. वारा अगदी काटेकोर वर्तुळातच फिरतो, असा दावा त्यांना करायचा नव्हता. तो वळत, वेढा घालत वाहतो, एवढं सांगणारा शब्द त्यांना हवा होता. वेटोळं म्हटलं की तेवढी मोकळीक राहते.

हा शब्द वाऱ्याचा जोर सांगत नाही, त्याचा आकार सांगतो. मराठीतलं ‘चक्रीवादळ’ही हेच करतं.

शिंगाची पारदर्शक चकती

त्या पुस्तकाचं इंग्रजी नाव ‘सेलर्स हॉर्नबुक’. इंग्लंडमध्ये पूर्वी लहान मुलांना मुळाक्षरं शिकवायला मूठ असलेली एक लाकडी पाटी असे. तिच्यावरचा कागद खराब होऊ नये म्हणून वर जनावराच्या शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवलेला असे. तिला हॉर्नबुक म्हणत, म्हणजे आपल्याकडची अंकलिपीच. वादळांची ही अंकलिपी कमी शिकलेल्या खलाशालाही वाचता यावी, असा पिडिंग्टन यांचा हेतू होता.

नावात आणखी एक गंमत होती. पुस्तकासोबत शिंगाच्याच दोन पारदर्शक चकत्या मिळत. एक विषुववृत्ताच्या उत्तरेसाठी, दुसरी दक्षिणेसाठी. कारण उत्तरेत वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो आणि दक्षिणेत काट्यांप्रमाणे. चकतीवर एकात एक वर्तुळं आणि त्यांवर वाऱ्याच्या दिशा छापलेल्या असत. ती समुद्राच्या नकाशावर ठेवायची. आपल्या जहाजाच्या जागेवर आत्ता जो वारा आहे तीच दिशा येईपर्यंत चकती सरकवायची. ती जुळली की चकतीचा मध्यबिंदू जिथे येईल, तिथे वादळाचं केंद्र. मग चकती वादळाच्या मार्गावर पुढे सरकवली की आपल्याकडचा वारा आता कोणत्या दिशेला वळेल तेही कळायचं.

बॅरोमीटरचा पारा दर तासाला किती उतरतो, त्यावरून केंद्र साधारण किती मैलांवर असेल याचंही कोष्टक त्यांनी दिलं होतं. म्हणजे दिशा वाऱ्यावरून आणि अंतर पाऱ्यावरून. खोल समुद्रात एकट्या असलेल्या कप्तानाकडे ही दोनच मापं होती.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हा नियम कसा लागू पडतो?

पिडिंग्टन यांचा नियम आजही करून पाहता येतो. आपण उत्तर गोलार्धात आहोत. चक्रीवादळाच्या काळात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं, तर वादळाचं केंद्र आपल्या उजव्या हाताला असतं.

मे २०२१ मधलं ‘तौक्ते’ वादळ घ्या. गोव्याकडून गुजरातकडे जाताना ते रत्नागिरीच्या पश्चिमेकडून, समुद्रातून गेलं. असं वादळ नैऋत्येला असतं तेव्हा रत्नागिरीत वारा आग्नेयेकडून येतो. ते थेट पश्चिमेला आलं की वारा दक्षिणेचा होतो. ते वायव्येकडे सरकलं की नैऋत्येचा. वारा आग्नेय, दक्षिण, नैऋत्य असा फिरत गेला, तर वादळ आपल्या समोरून उत्तरेकडे जात आहे, हे उपग्रहाशिवायही ओळखता येतं.

यातून आणखी एक गोष्ट कळते. उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाच्या उजव्या बाजूला वाऱ्याच्या फिरण्याचा आणि वादळाच्या सरकण्याचा वेग एकमेकांत मिसळतो. म्हणून उत्तर गोलार्धात उजवी बाजू जास्त धोक्याची मानली जाते. अरबी समुद्रातून उत्तरेला जाणाऱ्या वादळाची उजवी बाजू म्हणजे कोकण किनारा. वादळ जमिनीवर आलं नाही तरी रत्नागिरीला फटका बसतो, त्याचं एक कारण हे आहे.

पिडिंग्टन यांच्या नियमात एक चूकही होती. केंद्र वाऱ्याच्या दिशेशी बरोबर काटकोनात असतं असं धरून त्यांची चकती बनलेली होती. वारा प्रत्यक्षात तिरका, आतल्या बाजूला ओढला जात फिरतो, त्यामुळे केंद्र उजव्या हाताच्या थोडं मागे असतं. मॉरिशसमध्ये चार्ल्स मेल्ड्रम यांनी पुढे हे दाखवून दिलं. चकतीवर डोळे झाकून विसंबणारं जहाज त्यामुळे धोक्यात येऊ शकत होतं. गंमत म्हणजे, पिडिंग्टन यांनी निवडलेला वेटोळ्याचा शब्द त्यांच्या चकतीपेक्षा जास्त अचूक ठरला.

न ऐकलेला इशारा

समुद्रावरच्या कप्तानांनी पिडिंग्टन यांचं ऐकलं. त्यांचं पुस्तक जहाजांवर गेलं, त्याच्या आवृत्त्या निघाल्या. कोलकात्यातल्या सरकारने मात्र एका बाबतीत त्यांचं ऐकलं नाही.

हुगळी नदी गाळाने भरत चालली होती. कोलकात्याला पर्याय म्हणून सुंदरबनात मातला नदीवर नवं बंदर उभारायची योजना निघाली. १८५३ मध्ये पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना जाहीर पत्र लिहून या जागेचा धोका सांगितला. वाऱ्यापेक्षा वादळासोबत येणारी समुद्राची लाट अधिक माणसं मारते, हे त्यांना कोरिंगाच्या अभ्यासातून कळलं होतं. वादळात दाब उतरतो आणि वारा पाण्याला किनाऱ्याकडे रेटत नेतो. उथळ समुद्र आणि निमुळती होत जाणारी खाडी असेल तर ते पाणी चढत जातं. मातला नदीचं मुख अगदी तसंच होतं. एक दिवस असा येईल की वादळाची लाट या वस्तीवर कित्येक फूट पाणी आणेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

योजना थांबली नाही. पिडिंग्टन यांचं एप्रिल १८५८ मध्ये कोलकात्यात निधन झालं. बंदर उभं राहिलं, कोलकात्याहून तिथवर रेल्वेही गेली. डलहौसी यांच्यानंतर आलेल्या लॉर्ड कॅनिंग यांच्या नावावरून त्याला पोर्ट कॅनिंग म्हटलं गेलं.

ऑक्टोबर १८६४ मध्ये कोलकात्यावर मोठं चक्रीवादळ आलं. त्यात हजारो माणसं मेली, त्यातली बहुतेक पाण्याच्या लाटेने. त्यानंतर तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १८६७ रोजी दुसऱ्या एका वादळाची सुमारे सहा फुटांची लाट पोर्ट कॅनिंगवर चढली. धक्के, गोदामं, घरं मोडून पडली. काही वर्षांतच ते बंदर सोडून देण्यात आलं. पिडिंग्टन यांना जाऊन तेव्हा साडेनऊ वर्षं झाली होती.

त्यांच्यानंतर काय बदललं?

१८६४ च्या आपत्तीनंतर कोलकाता बंदरात वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. बंदरात बावटे आणि रात्री दिवे लावून धोका कळवण्याची पद्धत देशभर रुळली. रत्नागिरीच्या बंदरात तीन नंबरचा बावटा लागला अशी बातमी आपण वाचतो, ती याच परंपरेतली.

आता वाऱ्याचा वेग आकड्यांत मोजला जातो. हवामान खातं सलग तीन मिनिटांची सरासरी घेतं. ती ताशी ६२ किलोमीटरवर गेली की चक्रीवादळ, ८९ वर तीव्र, ११८ वर अतितीव्र आणि २२२ वर गेली की महाचक्रीवादळ, अशा पायऱ्या आहेत. ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ होतं. अमेरिकेत एका मिनिटाची सरासरी घेतात, त्यामुळे दोन देशांचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. तिकडच्या हरिकेनची सुरुवात साधारण आपल्या अतितीव्र वादळाच्या वेगावर होते. नावं अजून प्रदेशाप्रमाणे वेगळीच आहेत. अटलांटिकमध्ये हरिकेन, चीन-जपानकडे टायफून आणि आपल्याकडे सायक्लोन. प्रकार मात्र एकच.

२००४ पासून आपल्या भागातल्या प्रत्येक वादळाला स्वतंत्र नावही मिळतं. शेजारी देशांनी सुचवलेल्या नावांच्या यादीतून ते क्रमाने दिलं जातं. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशने सुचवलं होतं, ‘फयान’ आणि ‘तौक्ते’ ही म्यानमारने. तौक्ते म्हणजे पालीच्या कुळातला एक प्राणी.

नोव्हेंबर २००९ मधलं ‘फयान’ रत्नागिरीच्या कोळीवाड्यांना चांगलंच आठवतं. तेव्हा होड्या खोल समुद्रात होत्या आणि काही मच्छीमार परतलेच नाहीत. २०२० मध्ये मात्र होड्या आधीच किनाऱ्याला लागल्या होत्या आणि किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवलं होतं. बागा गेल्या, घरांची छपरं उडाली, पण मासेमारी होड्या समुद्रात अडकल्या नाहीत.

पिडिंग्टन यांच्या हाती वादळाचा अंदाज बांधायला बाण, पारा आणि शिंगाची चकती एवढंच होतं. पोर्ट कॅनिंगबाबत त्या तुटपुंज्या साधनांवर बांधलेला त्यांचा अंदाज खरा ठरला. तिथे कमी पडलं ते तो ऐकून वेळेत पावलं उचलणं.